तांबड्या जीपचा नंबर

९ जानेवारी २०२५

शरणप्पा अण्णा,

शरणु शरणार्थी. पुढचं साष्टांग बिष्टांग लिहीत न्हाय, कारण माझ्या तोंडून 'अण्णा' एवढं निघालं की तुमी फोन ठेवता. कागद काय तसा ठेवता येत न्हाय. फाडाल म्हणावं तर वैनी तुमच्याआधी वाचणार, हे मला पक्कं ठाऊक हाय. ईरण्णाची जीप रोज आमच्या वाडीवरून लोहाऱ्याच्या स्टँडला येती, त्याच्याच हाती देतेय. त्याला रागावू नका. त्या गरिबाला मी दम देऊन पाठवलाय.

तुमचा निरोप पोचला. सगळ्या ड्रायव्हर लोकांपुढं म्हणलात म्हणे, "तसलं भंगार माझ्या लायनीत उभं करायचं न्हाय. बसणाऱ्याच्या धोतराला रंग लागंल." समदे हसले म्हणे. ईरण्णा पण हसला, त्यानं सोताच सांगितलं, आणि वर चहा पिऊन गेला.

बरं. मी एवढंच विचारते, अडचण रंगाचीच हाय ना? लायसन हाय. बिल्ला काढलाय. गाडीचे कागद चोख हायत. इंजन तर तुमच्या गाडीपेक्षा गोड बोलतंय. राहिला रंग. कबूल, रंग आणते. पाडव्याला माझी जीप लोहाऱ्याच्या स्टँडवर लायनीत लागणार आणि मला नंबर पाहिजे. लायनीचे अध्यक्ष तुमी. तुमी पुकारल्याबिगर पाशिंजर कुणाच्या गाडीत पाय ठेवत न्हाय, एवढं मलाबी कळतं. म्हणून तर तुमालाच लिहायलेय, देवाला न्हाय.

गाडी कशी हाय ते खरं खरं सांगते. कळंबच्या एका आडत्याच्या गोदामामागं उभी होती. तिच्यावर कडबा रचायचे. मूळची तांबडी, आता जुन्या लुगड्यागत फिक्कट गुलबट झाली. हात फिरवला की तळवा तांबडा होतो. तशीच चालवत आणली मी. येरमाळ्याला चहाला थांबले, डोंगरावरच्या येडाईला खालूनच हात जोडले, तर हाटेलवाला म्हणतो, "बाई, गाडी काय पिठाच्या गिरणीत लावली होती का?" मी म्हणलं, व्हय, तुझं दळण आणायला गेले होते.

तुमच्या शिवकुमार दाजींचा पाय गेल्यापासून तुमी वाडीचा रस्ता सोडलाय. त्याच्यावर आज मी कायबी लिहिणार न्हाय.

राजेश्वरी


२६ जानेवारी

अण्णा,

गाडी धुतली. नुसती धुवायलाच दुपार गेली. आडत्याच्या ड्रायव्हरानं जल्मभर तिला डिझेलच्या फडक्यानं पुसलीय. तुमीबी तेच करता, मला म्हाईत हाय. चार दिवस चकाकती, मग धूळ धरती आणि खालचा रंग आणखीनच भकास हुतो. बघा बुवा, फुकटचं सांगतेय.

उमरग्याच्या दुकानातनं रंग घासून उजळायच्या औषधाची, रबिंगची, डबी आणली. दुकानदार भला माणूस. म्हणला, "ताई, उन्हात करू नका, पत्रा तापला की औषध वाळतं. थोडी थोडी जागा घ्या. फडकं वलं ठेवा. आणि कडा सांभाळा, कडेला रंग पातळ असतो." जीप चिंचेच्या सावलीत लावली. ड्रायव्हरच्या दारावर भाकरीएवढी जागा धरली आणि घासत बसले. फडकं तांबडं झालं. आधी वाटलं, गेला, होता तेवढा रंगबी काढला मी. मग पुसलं.

अण्णा, खाली रंग हाय! लाल, गच्च, लग्नातल्या शालूसारखा. वरचाच थर उन्हानं जळलेला, आत समदं शाबूत. मी बघतच राहिले आणि मला रडू आलं. दाराच्या पत्र्यासाठी कोण रडतं सांगा? पण आलं.

तुमचे दाजी बाजेवर बसून हुकूम सोडत होते. "राजे, गोल गोल नको, सरळ घास. राजे, तिथं राहिलं." म्हणलं, तोंडानं गाडी चमकत असती तर तुमी एव्हाना आरसा केली असती. तर गडी कुबड्या घेऊन उठला की! पाटावर बसले आणि दाराच्या खालच्या अंगाला हात लावला. त्यांना ती उंची बरोबर येती. आता आमची वाटणी झालीय, खालचं त्यांचं, वरचं माझं. किती महिन्यांनी त्यांच्या हाताला काळं लागलं. जेवताना आपला हात सारखा बघायलेत.

आमच्या आत्या, माझ्या सासूबाई, मात्र तोंड फिरवून असतात. त्या कशा हायत तुमाला ठाऊक हाय. "बाईमाणसानं स्टेरिंग धरायचं आन लोकाचे गडी मागं घालून फिरवायचे, शोभतंय का?" जीपच्या बाजूनं जायचं पडलं तर गोठ्याला वळसा घालून जातात.

ईरण्णा म्हणतो, तुमीबी आता तसंच म्हणायलात. रंग राहिला बाजूला, आता 'बाईची जात' आली मधे. अण्णा, जरा आठवा. खळ्यावर मला गाडी शिकवली कुणी? बुडाखाली पोतं घालून मला स्टेरिंगवर बसवायचात. गाडी बंद पडली की टपली. "हळू सोड, राजी, क्लच हळू सोड." आपली अव्वा घरातून ओरडायची की पोरीला काय ड्रायव्हर करायलास का, आणि तुमी म्हणायचात, व्हय, करायलोय.

मग? झाले की मी ड्रायव्हर.

राजेश्वरी


१२ फेब्रुवारी

अण्णा,

आज रागानं लिहायलेय, अक्षर लागलं न्हाय तर वैनींना विचारा.

आधी माझी चूक. बॉनेटच्या धारेवर जोर लावला आणि अंगठ्याएवढा रंग उडाला, खालचा करडा लेप दिसायला लागला. दुकानदारानं सांगितलं होतं, तरी घाई केली. त्याचं मी निस्तरीन, ब्रशनं रंग लावीन.

पण खरं संकट पुढंच हाय. बॉनेट जवळजवळ झालं होतं. नुसतं पॉलिश मारायचं राहिलेलं. मी बाजाराला गेले. येऊन बघते तर आमच्या आत्या घमेलं पालथं घालून त्याच्यावर उभ्या, पदर खोचलेला, एका हातात चिंचेच्या कोळाची वाटी, दुसऱ्या हातात नारळाची शेंडी, आणि चुलीतली राख घेऊन बॉनेट घासायल्यात! तांब्याची घागर घासतात तसं, खसाखसा, गोल गोल. समदं बॉनेट ओरखडून ठेवलेलं. जानेवारीपासनंची माझी मेहनत, सगळी राखेत.

आणि मला बघून हसल्या. लग्न होऊन आले तेव्हापासून ती बाई माझ्याकडं बघून अशी हसली नव्हती. "बघ, तुझ्या डबीतल्या औषधात काय दम न्हाय. माझ्या घागरी बघ कशा लखलखतात."

अण्णा, मी काय काय बोलले ते लिहिता येत न्हाय. आवाज पार शेजारच्या वस्तीपतूर गेला असंल. त्या घमेल्यावरून खाली उतरल्या. वाटी उचलली आणि आत गेल्या. तुमचे दाजी आधी खो खो हसले, मग त्यांचंबी हसू मावळलं. म्हणले, "राजे, ती तुझी गाडी घासत होती गं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जी बाई गाडीच्या वाऱ्याला उभी राहत नव्हती, ती घमेल्यावर चढून बॉनेट घासत होती!

आत गेले. चुलीपुढं बसल्या होत्या. बोटांच्या भेगांत चिंच झोंबत होती म्हणून हात पाण्यात बुडवलेले. मी म्हणलं, आत्या, चुकले मी. तर म्हणतात, "पाडव्याला नंबर मिळायचा म्हणतीस. माझ्याच्यानं दुसरं काय हुतंय पोरी? घागर घासायची तेवढी येती."

मी त्यांच्या बोटांना खोबरेल लावलं. दोघी रडलो, आता काय लपवायचं.

पण तुमचा राग आला मला. त्या माझ्या कुणाच्या कोण, तरी माझ्यासाठी बोटं सोलून घेतली. आणि तुमी? एका आईच्या पोटचे आपण. तुमी लायनीत बसून निरोप पाठवता.

बॉनेट परत करणार. अख्खं.

राजेश्वरी


३ मार्च

अण्णा,

बॉनेट झालं. घासायचा बारीक पाणकागद आणला, साबणाच्या पाण्यात भिजवून ओरखडे एकेक उतरवले, मग रबिंग, मग पॉलिश. आत्या तांब्यानं पाणी सोडायला उभ्या होत्या. मधेच म्हणायच्या, "चिंच लावू का थोडी?" आणि सोताच हसायच्या.

काल ईरण्णा आला तो खाली मान घालून. म्हणला, "ताई, अध्यक्ष म्हणलेत, सोन्याची करून आणली तरी नंबर न्हाय."

झालं तर मग. रंगाचं निमित्त सरलं, बाईच्या जातीचंबी सरलं. आता आपण दोघं खरं बोलू. तुमी बोलणार न्हाय, म्हणून दोघांचंबी मीच बोलते.

त्या दिवशी तुमच्या पोरीला, शिवांजलीला, बघायला पाहुणे येणार होते. सांजची खेप तुमची होती. तुमी तुमच्या दाजींना म्हणलात, "दाजी, तेवढी एक खेप मारून या की माझ्या गाडीची." ते गेले. वाटेत उसाची ट्रॉली बंद पडून उभी होती, मागं दिवा न्हाय, धोंडा न्हाय, काय न्हाय. पाशिंजर वाचले, ह्यांचा पाय गेला.

ती ट्रॉली तुमी उभी केली नव्हती, अण्णा.

दवाखान्यात तुमी आलात. खोलीच्या दारात उभे राहिलात, वैनी आत आल्या, तुमी आलाच न्हाईत. मी तुमच्या चपला बघत होते दारातल्या. मग चपलाबी दिसेनात. तेव्हापासून आमच्या वाडीकडं फिरकला न्हाईत. लोक म्हणतात शरणप्पाला बहिणीची लाज वाटती, बहीण गाडी चालवती म्हणून. मी म्हणू देते. पण तुमाला माझ्या गाडीकडं बघायचं जड न्हाय, ह्यांच्याकडं बघायचं जड हाय. आणि मी त्याच रस्त्यानं स्टेरिंग धरून जाणार, हे तर तुमच्या घशाखाली उतरतच न्हाय. खोटं असंल तर ईरण्णाच्या हाती दोन ओळी पाठवा. मी वाट बघते.

ह्यांनी तुमाला एका शब्दानं दोष दिला असता तर मीच हे पत्र लिहिलं नसतं. ईरण्णाची गाडी थांबली की हे मान उंच करून बघतात. "अण्णा न्हाई का आले?" दर बारीला. मला ते ऐकवत न्हाय.

राग माझाबी हाय. साफ सांगते. पायाचा न्हाय. पाय काय, कुणाचाबी गेला असता. तुमी नंतर आला न्हाईत, त्याचा राग हाय. घरातला मोठा माणूस जिवंत असून मला एकटीला कुबड्या आणायला जावं लागलं, त्याचा हाय.

आणि नंबर मी तरीबी घेणार.

राजेश्वरी


२९ मार्च

अण्णा,

तुमच्या दोन ओळी आल्या न्हाईत. म्हणजे मी लिहिलं ते खरं.

आज गाडीला मेण लावलं, शेवटचं काम. कडेच्या डागाला ब्रशनं रंग दिला, रंग जरा वेगळा दिसतो, दिसू दे. बाकी बॉनेटमधे चिंचेची पानं मोजता येतील अशी झालीय. आत्यांनी हळदीकुंकू लावायला हात पुढं केला आणि थबकल्या. म्हणल्या, "लावू का गं? का परत ओरडशील?" मी म्हणलं, काचेवर लावा आत्या, बॉनेट सोडून कुठंबी लावा.

उद्या पाडवा. सकाळी उभारलेल्या गुढीला नमस्कार करून आमी निघणार. आमी म्हणजे दोघं. तुमचे दाजी माझ्याशेजारी पुढं बसणार, उमरग्याचे पाशिंजर पुकारायला. त्यांचा आवाज तुमी जाणता. पाय गेला, आवाज हाय तसाच हाय.

नंबर दिला तर घेईन. न दिला तर गाडी लायनीच्या बुडाला उभी राहील. उद्या राहील, परवा राहील, रोज राहील. उन्हात उभी राहून परत रंग गेला तर परत घासीन. मला आता येतं ते.

तुमाला स्टँडवर यायचं नसंल तर नका येऊ. पण तुमी येणार. पाडव्याला लायन सोडून घरी बसलेले तुमी मी कधी बघितले न्हाईत.

राजेश्वरी


३० मार्च, संध्याकाळ

अण्णा,

आज स्टँडवर काय झालं ते तुमालाच लिहायलेय. तुमी तिथंच होता, खरं हाय. पण सारा वेळ तुमी खाली बघत होता, म्हणून तुमाला त्यातलं निम्मं ठाऊक न्हाय.

आमी आलो तेव्हा लायनीत जागा नव्हती. ईरण्णानं कुणाला न विचारता आपली जीप मागं घेतली आणि जागा केली. त्याला काय बोलायचं ते मला बोला. ड्रायव्हर लोक गाडीभोवती जमले. कुणी दाराच्या पत्र्यात तोंड बघितलं, एकजण मिशा नीट करून गेला. चेष्टा करायला आलेले, पण कुणी केली न्हाय. "ताई, हे हातानं?" असं विचारत राहिले. मी म्हणलं, हातानं, चिंचेनं आणि राखेनं. कुणाला कळलं न्हाय.

तुमी टपरीजवळ पाठमोरे उभे होता. हे खाली उतरले. कुबड्या काखेत घेतल्या आणि पुकारायला लागले. "उमरगा, उमरगा, उमरगा!" पयल्याच आरोळीला तुमची पाठ ताठ झाली. ते मी बघितलं. पाशिंजर बायका पिशव्या घेऊन उभ्या होत्या, पण कुणी चढंना. सगळ्यांचे डोळे तुमच्याकडं. अध्यक्षांनी पुकारलं न्हाय, कसं चढायचं?

मग तुमी आलात. मला वाटलं, हाकलायला आलात. मी स्टेरिंग गच्च धरून बसले होते, खाली उतरणारच नव्हते. तुमी ह्यांच्यापुढं उभे राहिलात, नजर जमिनीवर, त्यांच्या एका चपलेवर. मग म्हणलात, "दाजी, उन्हात उभं राहू नका."

तेवढंच. एवढ्या दिवसांनी तेवढंच बोललात.

आणि लगेच पाठ फिरवून ओरडलात, "तांबडी जीप, सात नंबर, उमरगा! बसा की, काय बघायलाव!" आवाज फाटला तुमचा. ड्रायव्हर लोकांना वाटलं उन्हानं घसा सुकला. गाडी भरली. दोघीजणी तर पुढंच बसायचं म्हणून भांडल्या. पयली खेप उमरग्याला पोचली, परत आली, दुसरी गेली. त्या ट्रॉलीच्या जागेवरून जाताना ह्यांनी खिडकीबाहेर बघितलं न्हाय, मीबी गाडी हळू केली न्हाय. घरी आल्यावर आत्यांनी भाकरी ओवाळून टाकली.

तर नंबर मिळाला. तुमी दिला. त्याचे उपकार मानते, मोठ्या भावाचे म्हणून न्हाय, अध्यक्षांचे म्हणून.

आता तुमी न बघितलेलं सांगते. तुमी "दाजी" म्हणलात तेव्हा ह्यांचं तोंड उघडं राहिलं. पुकारणं थांबलं. त्यांनी उजवी कुबडी काखेत दाबली आणि हात तुमच्यापुढं केला. तोल जाईल एवढा पुढं केला. तुमी तोवर पाठ फिरवली होती. तुमी नंबर पुकारेपतूर तो हात तसाच होता. मग ह्यांनी तो दाराला टेकवला, जसं काय चढायलाच पुढं केला होता, आणि माझ्याकडं बघून हसले.

 घरी आल्यावर आत्यांना मोठ्यानं सांगत होते, "अण्णा बोलले माझ्याशी."

उद्या आमी परत येतोय. हे परत हात पुढं करतील. मी ह्यांच्याबरोबर संसार केलाय, मला म्हाईत हाय, करतीलच.

तेव्हा वर बघा.

तुमची राजी